फायबरच्या कनेक्शनला स्वतःचा राउटर: सात-आठ महिने वापरल्यावर

घरात फायबर आहे पण आतल्या बेडरूममध्ये नेट रांगतं, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. प्लॅन वाढवायच्या आधी वाचा, कारण आमचा प्लॅन तेव्हाही १०० एमबीपीएसचा होता आणि आजही तोच आहे, बदलला तो फक्त राउटर आणि त्याची जागा.

घर चिंचवडला, टू बीएचके, जुनं जाड भिंतींचं बांधकाम. कंपनीने दिलेला डबा, म्हणजे ज्यात फायबरची वायर शिरते तो ओएनटी, दाराशेजारी शू रॅकच्या वर लावलेला, कारण वायर तिथूनच आत आली. तिथून मागच्या खोलीपर्यंत दोन भिंती, मध्ये फ्रीज आणि आरशाचं कपाट. त्या खोलीत मोबाईलवर १०-१२ च्या वर स्पीड जायचा नाही. आता तिथेच ८० च्या आसपास असतो आणि हॉलमध्ये ९० च्या वर.

राउटर टीपी-लिंकचा आर्चर सी६ घेतला. वायफाय ६ नाही, ५ वाला आहे, पण १०० च्या प्लॅनला पुरून उरतो आणि सगळे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत. स्वस्तातला राउटर घेताना हे एक नक्की बघा, खोक्यावर १२०० वगैरे मोठ्या अक्षरात असतं आणि वॅन पोर्ट (बाहेरून नेट आत येतं तो) मात्र १०० चाच निघतो, मग उद्या २०० चा प्लॅन घेतलात तरी ९५ च्या आसपासच अडकणार.

पण खरं सांगायचं तर मॉडेलपेक्षा जागा महत्त्वाची. ओएनटी होता तिथेच ठेवला, तिथून केसिंग पट्टीतून कॅट-६ नेटवर्क केबल आणून राउटर पॅसेजमध्ये, घराच्या मधोमध, डोक्याच्या वर भिंतीवर लावला. बस, अर्धं काम तिथेच झालं. केबलच्या टोकाला क्रिम्पिंग करून (कनेक्टर बसवून) घेताना आठही तारा जोडायला सांगा, काहीजण चारच जोडतात, त्याने नेट चालतं पण १०० च्या वर कधीच जात नाही.

आता ब्रिज मोड, म्हणजे ओएनटीने नेट नुसतं पुढे द्यायचं आणि राउटिंग, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना नेट वाटायचं काम, आपल्या राउटरने करायचं. नुसती केबल जोडली तर ओएनटी पण राउटिंग करतो आणि आपला राउटर पण, म्हणजे डबल नॅट (आयपी पत्ते बदलायचं काम दोनदा). यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपला काही फरक पडत नाही, पण ऑनलाइन गेम किंवा पोर्ट फॉरवर्डिंगला (बाहेरून घरातल्या एखाद्या उपकरणापर्यंत वाट करून द्यायला) त्रास होतो, आणि कुठे काय अडलंय ते शोधायला दोन ठिकाणी बघत बसावं लागतं. म्हणून कंपनीला सांगून ओएनटी ब्रिजमध्ये टाकून घ्या आणि पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या नेटला लॉगिन करायचा युजरनेम-पासवर्ड मागून घ्या, तो राउटरमध्ये टाकायचा असतो. व्हीलॅन आयडी (काही कंपन्या लाइनला देतात तो नंबर) लागतो का तेही त्याच फोनवर विचारा. काही ठिकाणी जुन्या डब्याचा मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा ठरलेला नंबर) अकाउंटला बांधलेला असतो, मग सगळं बरोबर टाकूनही लॉगिन होत नाही, तेव्हा मॅक रीसेट करायला सांगायचं किंवा राउटरमध्ये मॅक क्लोन करायचा, म्हणजे जुन्याचाच नंबर टाकायचा. आमचा लँडलाइन फोन ओएनटीलाच जोडलेला आहे, तो ब्रिज केल्यावरही व्यवस्थित चालू राहिला. आणि कंपनी ब्रिजला तयारच नसेल तर राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वायफाय देणारा, राउटिंग न करणारा) लावा, वायफायचा फायदा तेवढाच मिळतो.

ओएनटीचं स्वतःचं वायफाय मात्र आठवणीने बंद करा.

बाहेरून घरचा कॅमेरा थेट उघडायचा असेल तर राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे कंपनीकडून मिळालेला आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात (बाहेरचा एकच आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला), पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून काही येणार नाही. त्याला स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा) घ्यावा लागतो.

वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडना मी वेगवेगळी नावं दिलीत. सोसायटीत २.४ वर इतकी गर्दी असते की ऑटोवर सोडण्यापेक्षा १, ६ किंवा ११ यातला जो मोकळा दिसेल तो चॅनल द्यायचा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवायची. प्रिंटर, स्मार्ट बल्ब असल्या वस्तूंना बहुतेक २.४ च लागतो, बाकी फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे ५ वर. सगळ्यात उपयोगी पडलं ते गेस्ट नेटवर्क. आई घरी शिकवण्या घेते, पोरांना त्याचाच पासवर्ड देतो, महिन्याला बदलतो, आणि आमच्या लॅपटॉपपर्यंत कोणी पोचत नाही. डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडणं) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरचं सेटिंग उघडणं) दोन्ही बंद ठेवलंय, अ‍ॅडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा.

त्रासाचं पण सांगतो. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, तेव्हा आता दोन डबे जगवायचे असतात, त्यामुळे छोटा यूपीएस घेताना दोन आउटपुटवाला घ्या आणि दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर बघून घ्या. दुसरं म्हणजे नेट बंद पडलं की कस्टमर केअरवाले पहिलं वाक्य म्हणतात, सर तुमचा राउटर खराब असेल. तेव्हा वाद घालू नका, ओएनटीकडे बघा. एलओएसचा (फायबरमधून सिग्नल न आल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरच तुटलीय किंवा वाकलीय, राउटरचा काही संबंध नाही. लाल नाही, पॉनचा (फायबर जोडणीचा) हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर राउटरच्या सिस्टिम लॉगमध्ये बघा. ऑथेंटिकेशन फेल (लॉगिन नाकारलं) दिसलं तर पासवर्ड किंवा अकाउंटचा घोळ आहे. तरीही ऐकत नसतील तर लॅपटॉप थेट ओएनटीला लावून विंडोजमधूनच पीपीपीओई डायल करा, तिथेही लागलं नाही की त्यांना माणूस पाठवावाच लागतो. आमच्याकडे असंच झालं, जिन्यातल्या बॉक्समध्ये वायर दबलेली निघाली.

अजून एक, कंपनी लांबूनच ओएनटीचं सेटिंग बदलू शकते. एकदा त्यांच्याकडून अपडेट आला आणि ब्रिज जाऊन परत राउटिंग सुरू झालं. ब्रिज चालू असतानाच ओएनटीच्या वॅन पानाचे फोटो काढून ठेवा आणि राउटरच्या बॅकअपची फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग फोनवर त्यांना नेमकं काय परत करायचं ते सांगता येतं.