समुद्र शेवाळाची दोन खतं: कॅन चालला, गोणी बांधून ठेवली

नाशिकच्या मखमलाबाद शिवारात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. दीड एकर डॉगरिज खुंटावर, म्हणजे त्या काटक जातीच्या मुळावर कलम केलेली, आणि सासऱ्यांनी लावलेली एक एकर जुनी थॉमसन जातीची, कलम न करता स्वतःच्या मुळावर. मागच्या ऑक्टोबर छाटणीआधी पेठ रोडच्या एका कृषी सेवा केंद्रातून समुद्र शेवाळाची दोन खतं आणली: द्रवरूप अर्काचा पाच लिटरचा कॅन आणि दाणेदार खताची 25 किलोची गोणी. हंगाम संपला, आता लिहिते.

कॅनवर शेवाळाचं नाव छापलेलं होतं, कप्पाफायकस. हे लाल शेवाळ तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्याला बांबूच्या तराफ्यांवर लावतात. ताजं असतानाच त्याचा रस काढून घेतात, उरलेल्या चोथ्यातून कॅरेजीनन, म्हणजे खाद्यपदार्थ घट्ट करायला वापरतात तो पदार्थ, निघतं. हे तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने बसवलेलं आहे. पाच-सहा पानांवर वेली असताना ड्रीपने दिलं आणि दोन ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. पंधरा दिवसांनी दिराने ड्रीपरखाली बोद, म्हणजे वेलीखालचा मातीचा वरंबा, उकरला. दिलेल्या ओळीत पांढरी मुळी, म्हणजे अन्नपाणी शोषणारी नवी मुळं, दाट होती, कोऱ्या ओळीत विरळ. घडाच्या वजनात मात्र मला सांगण्याजोगा फरक दिसला नाही. नत्राची भूकही त्यानं भागत नाही, त्याचं खत वेगळं द्यावंच लागतं. मुळीसाठी मी कॅन पुन्हा घेईन.

गोणीचं प्रकरण वेगळं. तिच्यावर नुसतं ‘समुद्री शेवाळ’ लिहिलेलं. कुठलं, कुठून आलं, काही नाही. विचारलं तर दुकानदार म्हणाले, “ताई, परदेशात बीचवर वाहून येतं ना, ढिगाने, त्याचंच आहे. एकदम नैसर्गिक.”

ते ऐकून मी जास्तच सावध झाले, कारण त्या ढिगांबद्दल मी बरंच वाचलेलं आहे. ते सरगॅसम. आपल्या मालवणकडे खडकाला धरून वाढतं त्यातलं नव्हे. अटलांटिकमधलं हे शेवाळ हवेच्या बारीक फुग्यांवर जन्मभर तरंगतं, तळाला कधीच चिकटत नाही. 2011 पासून त्याचा पट्टा जवळजवळ दरवर्षी दिसतो. जून 2018 मध्ये तो पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत 8,850 किलोमीटर पसरला होता आणि त्याचं वजन 2 कोटी टनांवर होतं. कॅरिबियन किनाऱ्यांवर ते थरांनी येऊन साचतं. दोन-तीन दिवसांत कुजायला लागलं की सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो, लोकांचे डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. यंत्राने उचलावं तर शेवाळाबरोबर किनाऱ्याची वाळूही जाते आणि कासवांची अंडी चिरडण्याची भीती असते. म्हणून काही ठिकाणी ते किनाऱ्याला लागण्याआधीच, पाण्यात अडथळे बांधून होड्यांनी गोळा करतात. एवढा माल शेताला लागावा असं मलाही मनापासून वाटतं. पण हे शेवाळ समुद्राच्या पाण्यातलं आर्सेनिक शोषून साठवतं, मीठ तर त्यात असतंच. धुतल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय ते खत होत नाही.

म्हणून बागेत टाकण्याआधी एक किलो दाणे दहा लिटर विहिरीच्या पाण्यात रात्रभर भिजवले. सकाळी फडक्याने गाळून ईसी मीटर लावला. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ईसी जास्त. नुसत्या पाण्याची ईसी 0.9, ह्या पाण्याची 11.4. हा आकडा पाहून पोटात गोळा आला. डॉगरिज एकवेळ सोसेल. पण स्वतःच्या मुळावरच्या थॉमसनला मीठ लगेच लागतं, पानाच्या कडा करपत जातात आणि मग पुढच्या वर्षीच्या घडावर गदा येते.

बादलीच्या तळाशी मूठभर पांढरी वाळू बसली होती, त्यात निळ्या नायलॉन दोरीचा धागा. ड्रीप धुवायला ठेवलेल्या ॲसिडचे दोन थेंब वाळूवर टाकले तर फेस आला. म्हणजे शिंपल्याचा चुना. आमच्या जमिनीत चुनखडी आधीच इतकी आहे की पानं पिवळी पडू नयेत म्हणून दर हंगामाला फेरस, म्हणजे लोह, द्यावं लागतं. त्यात पैसे मोजून आणखी चुना आणायचा?

दीर म्हणाला, “वहिनी, एका ओळीत टाकून बघू.” मी नाही म्हटलं. वेल लावून, मांडवावर चढवून घडाला यायला वर्षं जातात, तिथे असली परीक्षा घ्यायची माझी तयारी नाही.

2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं, आली, त्यांत शेवाळाचे अर्कही आहेत. तेव्हापासून मी पाकिटाची मागची बाजू पूर्ण वाचल्याशिवाय पैसे देत नाही. ही गोणी घेताना दुकानात गर्दी होती, माझं वाचायचं राहिलं. कॅनवर घटक, मात्रा, बनवणाऱ्याचा पत्ता, सगळं होतं. गोणीवर वजन आणि किंमत, 950 रुपये.

परत करायला गेले तर फोडलेली गोणी घेणार नाही म्हणाले. बोलणं गोड होतं, चहाही दिला, पण आर्सेनिक आणि क्लोराइडचा, म्हणजे मिठाचा, तपासणी अहवाल मागितला तेव्हा “कंपनीकडून मागवतो” एवढंच. द्राक्ष निर्यातीला देणारे शेतकरी त्यांच्याकडे रोज येतात, त्यांना हा कागद गोणीबरोबरच मिळायला हवा.

सात आठवडे झाले, अहवाल आलेला नाही. गोणी शेडमध्ये फळीवर ठेवली आहे, तोंड बांधून, पावसाचं पाणी पोचणार नाही अशी. कॅनमधला लिटरभर अर्क उरला होता, तो उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर जुन्या थॉमसनच्या चार ओळींना दिला.