पुणे–कोल्हापूर सायकल मोहीम : रस्ता, मुक्काम आणि हॉस्पिससाठीचा निधी

पुण्याहून कोल्हापूरला सायकलने जाणे ही आता नवलाई राहिलेली नाही. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करणारे सायकलस्वार या शहरात कोणत्याही पेठेत आणि उपनगरात भेटतात; त्यामुळे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर दोन दिवसांत कापायला लावणारी आणि वर त्यासाठी शुल्क घेणारी मोहीम केवळ अंतराच्या बळावर कोणाला खेचून घेईल, असे वाटत नाही. येथे जिचे परीक्षण करावयाचे आहे ती मोहीम पुण्यातील एका सायकल मंडळाने हिवाळ्यात काढली होती आणि शहरातील एका हॉस्पिससाठी, म्हणजे बरे होण्याची शक्यता उरलेली नाही अशा रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेसाठी, निधी उभारणे हा तिचा हेतू होता. अशा मोहिमेत रस्त्यावरची व्यवस्था पाहावी लागतेच, पण त्याआधी पैशांची व्यवस्था पाहावी, असे माझे मत आहे. आणि आयोजकांची हीच बाजू अधिक चोख निघाली.

नोंदणी शुल्क एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलातील दोन रात्रींच्या भाड्याइतके होते. त्यात साताऱ्याचा मुक्काम, जेवणखाण, सोबतच्या गाड्या, मेकॅनिक आणि परतीचा प्रवास येत होता. त्याखेरीज प्रत्येकाने नातेवाईक, सहकारी आणि शेजारीपाजारी यांच्याकडून शुल्काच्या सुमारे चौपट रक्कम देणगी म्हणून जमवावी, अशी अट होती. महत्त्वाचे हे की या दोन रकमांची कोठेही सरमिसळ झाली नाही. शुल्क मंडळाच्या खात्यात जात होते आणि देणगी थेट हॉस्पिसच्या खात्यात जमा होऊन देणगीदाराच्या स्वतःच्या नावाने पावती निघत होती. ‘सर्व खर्च वजा जाता उरलेली रक्कम संस्थेला देण्यात येईल’ असे वाक्य ज्या उपक्रमाच्या पत्रकावर असते, तेथे मांडव, ध्वनिवर्धक, पदके आणि ड्रोनचे चित्रीकरण यांचा खर्च देणगीदाराच्याच खिशातून होत असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. येथे तसे घडण्यास वावच ठेवलेला नव्हता.

एक बारकावा मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे. आपल्याकडे वडीलधारी मंडळी देणगी पाकिटात घालून हातात देतात आणि त्यातच त्यांना समाधान असते. परंतु २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर प्राप्तिकरात देणगीची वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच उपलब्ध नाही. आयोजकांनी ही माहिती साध्या मराठीत एका पानावर लिहून पहिल्याच बैठकीत दिली होती, त्यामुळे मार्च महिन्यात कोणाच्या काकांना किंवा सोसायटीच्या अध्यक्षांना तोंड कसे दाखवायचे, हा प्रश्न उरला नाही. माझी तक्रार आहे ती किमान देणगीच्या अटीबद्दल. नोकरदार माणसाला ती रक्कम चार फोन करून जमवता येते. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला ती जाचक ठरते, आणि शेवटी त्याचे वडीलच सगळे पैसे भरून मोकळे होतात. विद्यार्थ्यांसाठी वेगळी, कमी रकमेची अट ठेवणे अवघड नव्हते.

मोहिमेच्या आधीच्या आठवड्यात हॉस्पिसमध्ये एक सत्र ठेवले होते आणि सबंध उपक्रमातील सर्वांत मोलाचा भाग तोच होता. सायकलस्वारांना वॉर्डातून फिरवून आणण्याचा मोह आयोजकांनी टाळला. रुग्णांच्या खाटांशी उभे राहून कोणाला छायाचित्रे काढता आली नाहीत. त्याऐवजी सभागृहात तेथील एका ज्येष्ठ परिचारिकेने घरी द्यायचा औषधांचा तक्ता आम्हांला समजावून सांगितला. मॉर्फिन या वेदनाशामकाची गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची. रात्री झोपताना दुप्पट मात्रा द्यायची, म्हणजे पहाटे दोन वाजता रुग्णाला उठवावे लागत नाही. आणि मॉर्फिनने हमखास बद्धकोष्ठ होत असल्यामुळे त्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत लिहायचे. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी तक्त्यावर वेळांच्या जागी उगवता सूर्य, ताट आणि चंद्र काढलेला होता. ‘दुखायला लागल्यावर गोळी द्यायची नाही, दुखू नये म्हणून द्यायची,’ असे सिस्टर म्हणाल्या, तेव्हा सभागृहातील निम्म्या लोकांनी ते लिहून घेतले.

पैसे नेमके कोठे लागतात हेही त्याच सत्रात कळले. मॉर्फिनची गोळी महाग नाही. खर्च होतो तो माणसांवर: रात्रपाळीच्या परिचारिकांवर, जखमांची ड्रेसिंगे बदलणाऱ्या मदतनीसांवर आणि घरोघरी जाणाऱ्या पथकांवर. बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला असल्यामुळे घरी दिल्या जाणाऱ्या या सेवेचा भार देणग्यांवरच पडतो. आधुनिक हॉस्पिसची चळवळ ज्यांच्यापासून सुरू झाली त्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. आपल्या देशात मुंबईचे शांती आवेदना सदन १९८६मध्ये सुरू झाले, आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७पासून विनामूल्य सेवा देत आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अशा शुश्रूषेची गरज असलेल्यांपैकी जगभरात सुमारे १४ टक्के लोकांपर्यंतच ती पोहोचते. भारतात १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन मिळणे इतके किचकट करून ठेवले होते की २०१४मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली, आणि मॉर्फिन ज्या अफूपासून बनते तिची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांपैकी आपण एक आहोत हे लक्षात घेता या प्रकाराला काय म्हणावे, हे मी वाचकांवर सोपवतो.

इतके नेटके सत्र घेणाऱ्या आयोजकांनी टी-शर्टवर ‘कॅन्सरला हरवू या’ असे छापावे, याचे मात्र आश्चर्य वाटते. हॉस्पिसमधील रुग्ण कोणाला हरवायला आलेले नसतात, आणि सगळे कॅन्सरचेही नसतात. हृदय, मूत्रपिंड किंवा मज्जासंस्था निकामी होत गेलेल्यांनाही ही शुश्रूषा लागते. शिरवळला चहाच्या टपरीवर एका गृहस्थांनी ते वाचून ‘तुमच्यात कोण बरे झाले?’ असे विचारले आणि आमच्यापैकी कोणालाही धड उत्तर देता आले नाही. टी-शर्टचे कापड, जाता जाता सांगायचे तर, उत्तम होते.

आता रस्ता. पहिल्या दिवशी पहाटे कात्रजहून निघून जुन्या घाटाने आणि जुन्या बोगद्यातून शिंदेवाडीला उतरण्याचा निर्णय योग्य होता. नव्या बोगद्यातील वाहनांच्या वेगात सायकल घालणे शहाणपणाचे नाही. खेड शिवापूरपासून सारोळ्यापर्यंत रस्ता सोपा आहे. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरल्यावर खंबाटकीचा चढ सामोरा येतो. तेव्हा बोगदा पुण्याकडे येणाऱ्या वाहनांसाठी असल्यामुळे साताऱ्याकडे जाणाऱ्यांना घाट चढावाच लागत होता, आणि पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणाऱ्या ट्रकांचा धूर गिळत तो चढणे हीच त्या दिवसाची खरी परीक्षा होती. येथे मागे दिवे लुकलुकत ठेवलेली गाडी आणि वळणावर उभे केलेले स्वयंसेवक यांची व्यवस्था चांगली होती. पाण्याचा थांबा मात्र घाटमाथ्यावर, अगदी अरुंद कडेला ठेवला होता. तो खाली, खंडाळ्याच्या आसपास हवा होता. पुढे सुरूर, पाचवड आणि लिंब मागे टाकत साताऱ्याला उजेडी पोहोचता आले.

मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. गाद्या स्वच्छ, पिठले-भाकरी आणि ठेचा गरम, स्नानगृहे मात्र अपुरी. रात्री मेकॅनिकने प्रत्येक सायकलची चेन पुसून, ब्रेक पॅड तपासून ठेवले, हे त्याच्या कामात नव्हते तरीही.

दुसऱ्या दिवशी नाष्टा आणि सामूहिक छायाचित्र यांत निघायला बराच उशीर झाला आणि त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागली. साताऱ्यापुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणरस्ते होते, खडी पसरलेली होती आणि सेवारस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारसायकली होत्या. कराडपासून पुढे गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या लागतात: एका ट्रॅक्टरला दोन, दोन्ही बाजूंनी मोळ्या बाहेर आलेल्या आणि मागे ना दिवा, ना परावर्तक पट्टी. दिवसा त्या नुसत्या अडवतात, अंधारात दिसतच नाहीत. शेवटच्या गटाला किणी टोलनाक्यालाच दिवस मावळला. सर्वांत मागची गाडी शिरोलीपर्यंत त्यांच्या चाकामागून हलली नाही, म्हणून निभावले. पुढील वर्षी उजाडताच निघावे आणि छायाचित्र कोल्हापुरात काढावे.

कोल्हापुरात सत्कार झाला आणि भाषणेही झाली. शाल-श्रीफळांच्या गर्दीत हॉस्पिसच्या प्रतिनिधींना बोलायला शेवटची पाच मिनिटे मिळाली, तोवर निम्मे सायकलस्वार तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या पंगतीला जाऊन बसले होते. परतीसाठी बस वेळेवर होती. सायकली टेम्पोत गोणपाट आणि पुठ्ठे घालून नीट बांधल्या होत्या, माझ्या सायकलला ओरखडाही उठला नाही. महिनाभरात हॉस्पिसकडून जमलेल्या रकमेचा आणि मंडळाकडून शुल्काच्या खर्चाचा, असे दोन वेगवेगळे तक्ते सर्वांना ईमेलने आले. मंडळाच्या तक्त्यात थोडी तूट होती आणि ती लपवलेली नव्हती.

सलग शंभर किलोमीटर चालवण्याचा सराव असलेल्या कोणालाही मी ही मोहीम सुचवीन. नोंदणीपूर्वीची बैठक चुकवू नये. टायर किमान ३२ मिलिमीटर रुंदीचे असावेत, मागचा दिवा रात्रभर पुरेल असा असावा, आणि देणगी मागायला दिवाळीआधीच सुरुवात करावी. बोनसच्या दिवसांत लोकांचा हात सढळ असतो.