आयसीयूत जनरेटिव्ह एआय: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या आयसीयूत गेले काही महिने जनरेटिव्ह एआय रोज वापरात आहे. आधी रेसिडेंट मुलं आपापल्या फोनवर वापरायची, मग व्यवस्थापनाने रीतसर परवाना घेतला. साधनाचं नाव देत नाही, कारण माझं म्हणणं साधनाबद्दल कमी आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरच्या तयारीबद्दल जास्त आहे.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो रेफर होऊन आलेल्या पेशंटच्या कागदपत्रांत. सेप्टिक शॉकचा (जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेला) पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलमधून येतो तेव्हा सोबत जाडजूड फाइल असते. कुठलं अँटिबायोटिक कधी सुरू झालं, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन कधीपासून चढतंय, युरिन आउटपुट कधी घसरलं, हे तारीखवार लावून मिळतं आणि रजिस्ट्रारचा वेळ पेशंटजवळ जातो. पण मूळ कागदाशी ताडून पाहणं सुटत नाही. एका सारांशात ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) ‘नो ग्रोथ’ असं ठामपणे लिहिलं होतं. फाइलमध्ये कल्चरचा रिपोर्टच नव्हता.

शिकवण्यासाठीही उत्तम. पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात ठेवतो तो दाब) वाढवल्यावर बीपी का पडतं, हे रात्री दोन वाजता न कंटाळता समजावून सांगतं.

डोसच्या बाबतीत मात्र मी कडक आहे, आणि त्याचं कारण कोलिस्टिन हे अँटिबायोटिक. अमेरिकी संदर्भांत त्याचा डोस कोलिस्टिन बेसच्या, म्हणजे मूळ औषधाच्या, मिलिग्रॅममध्ये असतो, आपल्या व्हायलवर मिलियन युनिट छापलेले असतात. ९ मिलियन युनिटचा लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) म्हणजे साधारण ३०० मिलिग्रॅम बेस. तेच कोलिस्टिमेथेट सोडियमच्या, म्हणजे व्हायलमधल्या सॉल्टच्या, वजनात मोजलं तर ७२० मिलिग्रॅम. एआयने नुसतं ‘३०० मिलिग्रॅम’ सांगितलं, बेस की सॉल्ट ते नाहीच. सॉल्ट समजून दिलं असतं तर पेशंटला निम्म्याहून कमी औषध गेलं असतं. व्हायल हातात धरून सिस्टरने विचारलं, “मॅडम, युनिटमध्ये किती?” म्हणून तिथेच थांबलो. आता डोस फक्त फार्मसीच्या तक्त्यावरून.

दुसरा अनुभव मण्यार सापाच्या दंशाचा. पहाटे पोटदुखी, मग पापण्या मिटायला लागल्या, अंगावर दंशाची खूण नाही. एवढंच लिहिल्यावर एआयच्या संभाव्य निदानांच्या यादीत वर जीबीएस, मायस्थेनिया, बोट्युलिझम, म्हणजे स्नायू दुबळे करणारे दुसरे आजार. सर्पदंश पार खाली. पावसाळा आहे आणि पेशंट जमिनीवर झोपला होता, हे घातल्यावर तो वर आला. म्हणजे ती हिस्टरी घरच्यांना विचारून काढणारा डॉक्टर हवाच. विंचूदंशात प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांजवळ बसूनच शोधलं.

प्रशिक्षणाची तर बोंबच होती. परवान्यासोबत तासाभराचं सादरीकरण झालं, प्रश्न कसा लिहायचा एवढंच. कधी वापरू नये, उत्तर कसं तपासायचं, यावर चकार शब्द नाही. मग आम्हीच दर आठवड्याला एक जुनी केस घेऊ लागलो, नाव-नंबर काढून. रेसिडेंट आधी स्वतःचं निदान आणि प्लॅन कागदावर लिहितो, मगच स्क्रीन उघडतो आणि एआयच्या उत्तरातल्या चुका शोधतो. हा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्क्रीनवर आधी ‘न्यूमोनिया’ वाचला की एका पायाला आलेली सूज बघायला कुणी चादर वर करत नाही, आणि पल्मनरी एम्बोलिझम (पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकणं) निसटतो.

नातेवाइकांशी बोलणं आम्ही त्याच्यावर सोडलेलं नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की एआयने डॉक्टरला मदत करावी, पण पेशंटला सल्ला किंवा प्रिस्क्रिप्शन देऊ नये. आमच्या आयसीयूत तीच रेघ पाळतो. आणि पेशंटच्या केसपेपरचा फोटो खासगी फोनवरच्या ॲपमध्ये टाकणं पूर्ण बंद केलंय.

परवाना पुढच्या वर्षीही घेणार आहोत, पण या केस-सत्रांना बसल्याशिवाय नव्या रेसिडेंटला लॉगिन मिळणार नाही. आयडीसीसीएम आणि डीआरएनबी या क्रिटिकल केअरच्या परीक्षांच्या परीक्षकांनीही मुद्दाम चुका पेरलेला एआयचा सारांश प्रात्यक्षिकातल्या एखाद्या स्टेशनवर उमेदवारापुढे ठेवावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.