राजारामपुरीतलं फीटल मेडिसिन सेंटर: स्कॅन चोख, रिपोर्टमध्ये दोन ओळी कमी

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या छातीत 'पांढरा भाग' दिसला, तर पुढच्या तपासणीसाठी हे फीटल मेडिसिन सेंटर, म्हणजे पोटातल्या बाळाची तपासणी करणारं केंद्र, बिनधास्त सुचवावं. इथे छाती घाईत उरकत नाहीत. हृदय एका बाजूला ढकललं गेलंय का, ते आधी बघतात. मग जठराचा काळा फुगा. तो हृदयाशेजारी दिसला तर दोष फुप्फुसाचा नसून छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅमॅटिक हर्निया, आणि मग पुढचं सगळं नियोजनच बदलतं.

त्यानंतर कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी. पांढऱ्या भागाला, म्हणजे गाठीला, रक्त थेट महाधमनीतून येत असेल तर सिक्वेस्ट्रेशन (श्वासनलिकांशी न जोडलेला फुप्फुसाचा तुकडा), फुप्फुसाच्या धमनीतून येत असेल तर सीपीएएम (फुप्फुसाची घडण बिघडून झालेली जन्मजात गाठ). काही गाठींत दोन्ही मिसळलेलं असतं. महाधमनीतून येणारी ही नस बारीक. डॉप्लरचं वेगाचं स्केल खाली आणलं नाही तर ती सुटते, आणि घाईच्या स्कॅनमध्ये नेमकं हेच होतं. बाळाची पाठ वर असली की बरगड्यांची सावली पडते. अशा वेळी इथे पेशंटला फेऱ्या मारायला सांगून पुन्हा बघतात.

रिपोर्टमध्ये सीव्हीआर, म्हणजे डोक्याच्या घेराच्या तुलनेत गाठ किती मोठी ते सांगणारा आकडा, असतो, सोबत मापंही. गाठीची लांबी, रुंदी, उंची यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणायचं आणि डोक्याच्या घेराने भागायचं, सगळं सेंटिमीटरमध्ये. ४ × ३ × २.५ ची गाठ आणि घेर २० असेल तर ०.७८. आकडा १.६ च्या वर गेला की बाळाच्या अंगात पाणी साठण्याचा, म्हणजे हायड्रॉप्सचा, धोका वाढतो. गाठीत एकच मोठी सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी, असेल तर मात्र कमी आकड्यावरही विसंबू नये. ती अचानक फुगू शकते.

खटकतं ते पुढे. सीपीएएम साधारण २६ ते २८ आठवड्यांपर्यंत वाढते, तरी रिपोर्टवर नुसतं 'फॉलोअप स्कॅन', तारीख नाही. शेवटच्या महिन्यांतल्या रिपोर्टवर 'गाठ दिसत नाही' एवढंच. त्या सुमाराला आजूबाजूचं फुप्फुसही पांढरं होतं आणि गाठ त्यात मिसळून जाते. ती गेलेली असतेच असं नाही. जन्मानंतर एक्स-रे स्वच्छ आला तरी सीटी करावा लागतो, हे तिथे छापलेलं हवं. नाहीतर घरचे निर्धास्त होतात आणि बाळाला पुढे न्यूमोनिया झाल्यावरच ती गाठ पुन्हा आठवते.

जाताना ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचे सगळे रिपोर्ट न्या. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचा फॉर्म एफ भरल्याशिवाय स्कॅन सुरू होत नाही. निघताना पुढच्या स्कॅनची तारीख पेनाने लिहून मागा. मागितली की देतात.