मॅशसाठी आइसबॉक्स, पिशवी की विजेचं भांडं?

घरी बिअर करताना माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) भरड गरम पाण्यात भिजवून स्टार्चची साखर करतात, तो मॅश. तो आइसबॉक्समध्ये, पातेल्यातल्या जाळीदार पिशवीत किंवा विजेच्या भांड्यात करता येतो. एकच घाणा धरू: २० लिटर पेल एल (एक प्रकारची बिअर), साडेचार किलो माल्ट, मॅश ६७ अंश सेल्सियसला. १९७८च्या कायद्यामुळे अमेरिकेत घरच्यापुरती बिअर करता येते, महाराष्ट्रात परवान्याशिवाय नाही. म्हणून हिशोब तिकडच्या घरांचा.

माल्टमधली अमायलेज नावाची एन्झाइम्स स्टार्च तोडतात. ६३-६५ अंशांना बीटा अमायलेज जोरात असतं. यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त निघते आणि बिअर कोरडी होते. ६८-७०ला अल्फा अमायलेज वरचढ ठरतं, बिअर अंगाने भरीव लागते. स्टार्चची बहुतेक साखर पहिल्या अर्ध्या तासातच होते. त्यामुळे भरड वैरल्यावर दहा मिनिटांनी थर्मामीटरचा काटा कुठे आहे, हे खरं महत्त्वाचं. शेवटच्या वीस मिनिटांत एखादा अंश उतरला तर घाबरू नका.

आइसबॉक्स उष्णता सर्वांत छान धरतो. तासाभरात जेमतेम एक-दोन अंश जातात. किलोला तीन लिटर पाणी धरलं आणि भरड २० अंशांची असली, तर आधण ७३.५ला हवं. पेटी आधी कढत पाण्याने तापवून घ्या, नाहीतर तिच्या थंड भिंतीच दोन-तीन अंश पितात. घोटाळा होतो तो इथेच, कारण पेटीखाली आच देता येत नाही. एक अंश चढवायला साधारण अर्धा लिटर उकळतं पाणी लागतं; तीन अंश कमी पडले तर मॅश पातळ होत जातो. शिवाय स्पार्जचं (चोथ्यातली उरलेली साखर धुऊन काढायचं) वेगळं पाणी, अडकलेली चाळणी, दोन भांडी धुणं. दिवस सव्वापाच तासांचा.

पिशवीत सगळं पाणी एकदम, २९ लिटर. पाणी जास्त म्हणून आधण ७०लाच पुरतं. भरड मूठमूठ वैरा आणि पळीने तळापासून ढवळा. गुठळी फोडून पाहिली तर आत कोरडं पांढरं पीठ दिसतं. ते पीठ म्हणजे वाया गेलेली साखर. झाकण लावून पातेलं दुहेरी रजईत गुंडाळा. काटा उतरलाच तर रजई काढून मंद आच द्या, पण तळाशी जाळी असल्याशिवाय नको; पिशवी तळाला चिकटून वितळते. भिजलेला चोथा सात-आठ किलो भरतो, तो टांगायला वर भक्कम कडी हवी. स्पार्ज नाही, त्यामुळे गॅसच्या मोठ्या शेगडीवर दिवस सव्वाचार तासांत उरकतो.

विजेच्या भांड्याबद्दल गैरसमज फार. वेळ वाचेल म्हणून लोक ते घेतात, पण अमेरिकेतल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर १५०० वॉटच मिळतात. २८ लिटर पाणी २० वरून ७० अंशांवर न्यायला त्यात तासाहून जास्त लागतो, मॅशनंतर उकळी फुटायला आणखी पाऊण तास. ब्रिटनमधल्या २४०० वॉटच्या भांड्यात तेच आधण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत होतं. वाचतं ते तुमचं लक्ष: रात्री टायमर लावा, सकाळी आधण तयार. मात्र सेन्सर तळाशी असतो. पडद्यावर ६७ दिसताना चोथ्याच्या मधोमध ६४ही असू शकतं. वेगळा थर्मामीटर मध्यभागी खुपसून बघा. रस खालून वर फिरवणारा पंप जोरात सोडला की चोथा दबतो, रस खाली उतरत नाही, तळ कोरडा पडून वर्ट (हाच गोड रस) करपतो.

अंगण आणि गॅसची शेगडी असेल तर २० लिटरला पिशवीच घ्यावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी किंवा लहान मुलं सांभाळत बिअर करणाऱ्यांनी विजेचं भांडं घ्यावं. आइसबॉक्स मोठ्या, जड घाण्यांसाठी ठीक. दहा किलो माल्टची भिजकी पिशवी एकट्याने उचलवत नाही.

वेळ आणखी कमी करायचा असेल तर चाळीसाव्या मिनिटाला बशीत थेंबभर वर्ट घेऊन त्यात आयोडीन टाका. काळंनिळं झालं नाही तर मॅश संपवा. ती बशी नंतर ओतून द्या, भांड्यात परत नको. थर्मामीटरही तपासून ठेवा: बर्फाच्या चुऱ्यात शून्य, उकळत्या पाण्यात शंभर. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावात मात्र पाणी ९५च्या आसपासच उकळतं, तिथे काट्याला दोष देऊ नका.