कुशादासीला क्रूझ थांबली की: जहाजाची टूर, आपला गाईड की आपलं आपण?

क्रूझच्या प्रोग्रॅममध्ये तुर्कस्तानातलं कुशादासी दिसलं की सगळे एफेसस एफेसस करायला लागतात, आणि त्यात चूक काही नाही, पण तुम्हाला मुख्यतः धार्मिक जागा बघायच्या असतील तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. एफेसस हे अवशेषांचं शहर आहे, धार्मिक जागा त्याच्या आत थोड्या आणि बाहेर जास्त. टूरच्या माहितीपत्रकात 'बायबलमधलं एफेसस' असं झोकात लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात वेळ जातो रोमन रस्ते, न्हाणीघरं आणि लायब्ररीसमोर फोटो काढण्यात. म्हणून टूर निवडताना किंमत नंतर बघा, आधी बघा कुठल्या जागेवर किती मिनिटं मिळणार.

आधी काय काय आहे ते सांगते. बंदरापासून सेल्चुक गाव साधारण २० किलोमीटर, अर्धा तास धरा. (जहाज कुशादासीऐवजी इझमीरला लागणार असेल तर हेच अंतर ८० च्या घरात जातं आणि मग पुढचं सगळं गणितच बदलतं, ते आधी तपासा.) गावाला लागून एफेससचे अवशेष, २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत. वर डोंगरावर येशूच्या आईचं, म्हणजे मेरीचं घर, तुर्की लोक 'मेरयेम आना' म्हणतात. गावातल्या अयासुलुक टेकडीवर सेंट जॉनची बॅसिलिका, म्हणजे जुनं मोठं चर्च, तिच्या खालीच १३७५ ची इसा बे मशीद, आणि जवळच आर्टेमिस या ग्रीक देवीचं देऊळ, म्हणजे एकेकाळी जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक आणि आता पाणथळ जमिनीत तुकडे जोडून उभा केलेला एक खांब. शिवाय सात झोपाळूंची गुहा, गुहेत वर्षानुवर्षं झोपून मग उठलेल्या तरुणांची, जिची गोष्ट ख्रिस्ती लोकांत पण आहे आणि कुराणातल्या अल-कहफ सुऱ्यात (अध्यायात) पण. एवढं सगळं एका दिवसात नीट होत नाही, काहीतरी सोडावंच लागतं, आणि काय सोडायचं ते कोण ठरवणार यावरच तीन पर्याय वेगळे पडतात.

जहाजाची टूर

हिचा सगळ्यात मोठा फायदा सगळ्यांना माहीत आहे, बस अडकली, टायर फुटला, काहीही झालं तरी जहाज आपल्याच टूरच्या लोकांना सोडून जात नाही. स्वतंत्र गेलेल्यांसाठी थांबत नाही. ज्यांना घड्याळाचं टेन्शन येतं, ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत, किंवा जहाज दुपारीच निघणार आहे, त्यांनी फार विचार करू नये, हीच घ्यावी.

पण मिळतं काय ते पण बघा. नेहमीचा अर्ध्या दिवसाचा साचा म्हणजे मेरीचं घर, मग एफेससच्या वरच्या गेटने आत शिरून उतारावरून खालच्या गेटने बाहेर, आणि परत बंदराजवळ आल्यावर गालिच्याचं दुकान. बसभर माणसं, कानात इअरफोन, पुढे पाटी उंचावून चालणारा गाईड, आणि मागच्या दहा जणांना तो कशाबद्दल बोलतोय ते दिसायच्या आत तो पुढे गेलेला असतो. सेंट जॉनची बॅसिलिका बऱ्याचदा फक्त पूर्ण दिवसाच्या टूरमध्ये असते आणि इसा बे मशीद तर खिडकीतून दाखवतात. गालिच्याच्या दुकानाबद्दल उगाच नाकं मुरडू नका असं काही लोक म्हणतात, रेशमाचा कोश उकळून धागा कसा काढतात वगैरे बघायला बरं वाटतं, चहा पण मिळतो, मान्य आहे. पण तोच वेळ बॅसिलिकेत घालवता आला असता हे गणित मला काही पटत नाही.

मेरीच्या घरी सकाळी सगळ्या जहाजांच्या बसेस एकामागून एक येतात. घर अगदी छोटं आहे, दगडी, आत शिरलं की वेदी, उजवीकडे लहान खोली, आणि बाहेर. आत फोटो काढायचे नाहीत, बोलायचं नाही. मोठी रांग असली की आत मिनिटभर मिळतं, म्हणजे हात जोडेपर्यंत मागचा पुढे सरकलेला असतो. बाहेर मेणबत्त्या लावायची जागा, खाली झऱ्याच्या पाण्याचे नळ, आणि नवसाच्या चिठ्ठ्या आणि चिंध्या बांधलेली भिंत. भाविक माणसाला इथे शांत बसायला मिळणं हाच मुद्दा असतो, आणि नेमकं तेच मोठ्या ग्रुपमध्ये अवघड.

आपण ठरवलेला लोकल गाईड

माझं झुकतं माप याच्याकडे, सरळ सांगते. आणि कारण आराम नाही. इथल्या धार्मिक जागांपैकी बऱ्याच जागा नुसत्या बघून काही कळत नाही, कोणीतरी सांगावं लागतं.

मेरीच्या घराचंच घ्या. कोणी म्हणेल कशावरून ती इथे राहिली? तर योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसावरून येशूने आईला आपल्या लाडक्या शिष्याच्या हवाली केलं असं आहे, आणि तो शिष्य म्हणजे योहान (बॅसिलिकेचा सेंट जॉन तो हाच) पुढे एफेससला आला अशी परंपरा, मग आईही आली असणार. हे झालं जुनं. घर सापडलं ते भलत्याच वाटेने. जर्मनीतली ॲन कॅथरीन एमेरिख नावाची अंथरुणाला खिळलेली नन (१७७४–१८२४), जी आयुष्यात कधी एफेससला आली नव्हती, तिला झालेल्या दर्शनांचं वर्णन लिहून ठेवलं गेलं, आणि ते हातात घेऊन १८९१ मध्ये इझमीरचे लाझारिस्ट पंथाचे धर्मगुरू डोंगर चढले आणि त्यांना हे पडकं घर मिळालं. आसपासचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती त्याआधीपासून १५ ऑगस्टला तिथे यात्रेला जायचेच. कॅथलिक चर्चने 'हेच ते घर' असा निकाल कधीच दिलेला नाही, मेरीचे शेवटचे दिवस जेरुसलेमात गेले अशीही परंपरा आहेच, पण पोप सहावे पॉल १९६७ मध्ये, जॉन पॉल दुसरे १९७९ मध्ये आणि बेनेडिक्ट सोळावे २००६ मध्ये येऊन गेले. मुसलमान बाया पण येतात, कुराणात मरियमच्या, म्हणजे मेरीच्याच, नावाचा अख्खा सुरा आहे. हे सगळं माहीत असून त्या खोलीत उभं राहणं आणि काहीच माहीत नसताना रांगेतून पुढे सरकणं, फरक पडतोच.

एफेससच्या आत तर गाईडचा पुरेपूर उपयोग. सेल्सस लायब्ररीच्या पायऱ्यांवर सात फांद्यांचा ज्यू दीप कोरलेला आहे, मेनोरा, बोटाने दाखवल्याशिवाय तो दिसत नाही, सगळे त्याच्यावर पाय देऊन फोटो काढायला वर जातात. तसंच संगमरवरी फरशीवर एक चाकासारखं चिन्ह आहे, वर्तुळ आणि आत आरे. नीट बघितलं तर ती 'मासा' या अर्थाच्या ग्रीक शब्दाची पाच अक्षरं एकावर एक कोरलेली, सुरुवातीच्या ख्रिश्चनांची खूण. आणि थिएटर! जवळपास २५,००० लोकांचं. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक सेंट पॉल इथे दोन-अडीच वर्षं राहून शिकवत होता, आणि देमेत्रियस नावाच्या सोनाराने, जो आर्टेमिसच्या चांदीच्या छोट्या देव्हाऱ्यांचा धंदा करायचा, पॉलच्या शिकवणीमुळे गिऱ्हाइकी तुटते म्हणून लोक भडकवले. मग सगळं गाव या थिएटरमध्ये घुसून दोन तास देवीच्या नावाने ओरडत होतं आणि पॉलला आत जायचं होतं तर त्याच्या माणसांनी त्याला जाऊ दिलं नाही. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय १९. धंद्यावर गदा आली की धर्म आठवतो हे तेव्हाही तसंच. चांगला गाईड हे तुम्हाला तिथल्या पायरीवर बसवून सांगतो, बसवाला चालता चालता.

आणि एक जागा जी बहुतेक ग्रुप टूर गाळतातच, खालच्या गेटजवळ मुख्य वाटेपासून बाजूला असलेलं मेरीचं चर्च. इसवी सन ४३१ ची धर्मपरिषद एफेससलाच भरली, मेरीला 'देवाची माता' म्हणायचं हे तिथे पक्कं झालं आणि त्याला विरोध करणाऱ्या नेस्टोरियसला, कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य धर्मगुरूला, पदावरून काढलं. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात एवढी मोठी जागा आणि बस पार्किंगमध्ये उभी आहे म्हणून लोक तिच्या बाजूने निघून जातात. गाईड तुमचा असेल तर वीस मिनिटं वळवून घेता येतं.

आता तोटे. जहाज थांबत नाही हा एक. दुसरं, पैसे गाडीमागे असतात, माणसामागे नाही, त्यामुळे दोघंच असाल तर महाग पडतं आणि पाच-सहा जण जमले तर जहाजाच्या टूरपेक्षा स्वस्त पडू शकतं. जहाजावर ओळखी करून ग्रुप जमवणारे लोक असतात, त्यांना आधीच गाठा. तिसरं, खासगी गाईडवालेही दुकानात नेतात बरं का, बुकिंग करतानाच 'दुकान नको' असं लेखी घ्या. आणि तुर्कस्तानात लायसन्सशिवाय गाईडचं काम करता येत नाही, गळ्यात ओळखपत्र असतं, ते नसेल तर तो ड्रायव्हर आहे, गाईड नाही, मग भाव पण ड्रायव्हरचाच द्या.

आपलं आपण

कुशादासीहून सेल्चुकला 'दोलमुश' म्हणजे शेअर मिनीबस जाते, अगदी कमी पैशात. पण ती तुम्हाला खालच्या गेटच्या फाट्यावर सोडते, तिथून चालायचं, आणि मग एफेसस खालून वर चढत बघायचं, म्हणजे सगळे उतरताना तुम्ही चढताय, उन्हाळ्यात सावली जवळपास नाही, संगमरवर गुळगुळीत झालेला. मेरीच्या घराला दोलमुश जातच नाही, टॅक्सी लागते, आणि जाऊन-येऊन-थांबून असा भाव आधी ठरवावा लागतो, नाहीतर वर अडकाल.

म्हणून आपलं आपण जायचं तर मी एक वेगळंच सुचवेन, जे कोणी फारसं करत नाही: एफेसस सोडाच. फक्त सेल्चुक गाव करा. बॅसिलिका, मशीद, म्युझियम, आर्टेमिसचा खांब, सगळं पायी. सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाने बांधलेली ती बॅसिलिका पूर्ण उभी नाही, पण तिचा आवाका कळतो, मधोमध चार खांबांमध्ये एक साधी संगमरवरी लादी आहे, तीच योहानाची कबर मानतात. मध्ययुगात या कबरीतून निघणारी धूळ औषधी म्हणून यात्रेकरू घरी न्यायचे. बाजूला बाप्तिस्म्याचा हौद, दोन बाजूंनी पायऱ्या, एकीकडून उतरायचं आणि दुसरीकडून वर यायचं. तिथून खाली मशीद दिसते, मशिदीतले काही खांब जुन्या एफेससमधून उचललेले, आणि पलीकडे आर्टेमिसचा तो एकटा खांब. एका कठड्यावरून तीन धर्म. म्युझियममध्ये आर्टेमिसच्या मूळ मूर्ती आहेत, त्या बघितल्या की थिएटरमध्ये लोक का ओरडले ते समजतं. यासाठी गाईड नसला तरी चालतो, आदल्या रात्री थोडं वाचून जा. पहिल्यांदाच येताय आणि परत कधी येणार नाही, त्यांना मात्र हे सांगणार नाही, एफेसस न बघता परत गेलात तर घरचे बोलतील.

घड्याळ, तिकीट, पाय

जहाज सुटायची वेळ आणि परत चढायची शेवटची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी, तुम्हाला दुसरी पाळायची आहे. तुर्कस्तान २०१६ पासून घड्याळ मागेपुढे करत नाही, उन्हाळ्यात ग्रीसची आणि इथली वेळ एकच असते, पण ऑक्टोबरच्या शेवटी ग्रीस तासभर मागे जातं. ग्रीक बेटांवरून येणाऱ्या जहाजाने आपली वेळ बदलली नसेल तर मोबाईल एक सांगतो आणि जहाज दुसरं. स्वतंत्र जाणाऱ्यांनी जहाजावरून उतरताना रिसेप्शनला विचारूनच उतरावं.

तिकिटं टूरमध्ये धरली आहेत का ते विचारा, कारण एफेससचं वेगळं, आतल्या टेरेस हाऊसेसचं वेगळं, मेरीच्या घराचं वेगळं, आणि सरकारी म्युझियम पास मेरीच्या घराला चालत नाही. धार्मिक जागांसाठी आलेल्यांनी टेरेस हाऊसेस बिनधास्त सोडावीत. सुंदर आहेत, पण ती श्रीमंतांची घरं आहेत, आणि तोच वेळ मेरीच्या चर्चला आणि बॅसिलिकेला पुरतो.

गुडघे दुखत असतील तर एफेससची उतरण पण त्रास देते, व्हीलचेअरला तर फारच अवघड. अशांनी मेरीचं घर, मशीद आणि म्युझियम एवढंच खासगी गाडीने करावं, अर्धा दिवस आरामात होतो.

गाईड ठरवताना क्रमही सांगून टाका: बंदरावरून सगळ्यात आधी थेट मेरीचं घर, बसेस पोचायच्या आत, मग एफेसस, जेवण, आणि दुपारी बॅसिलिका-मशीद. फक्त त्या दिवशी शुक्रवार असेल तर दुपारच्या नमाजाची वेळ टाळून मशीद घ्यायला सांगा, आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे, बायकांना एक ओढणी, हे पिशवीत ठेवा.