‘कॉन्फ्लिक्ट’, ‘स्ट्रगल’ की ‘फाइट’? संघर्षासाठी नेमका इंग्रजी शब्द निवडताना

मराठीत ‘संघर्ष’ म्हटलं की भागतं. दोन देशांचा असो, कामगार आणि व्यवस्थापनाचा असो, नाहीतर मनातल्या मनात चाललेला असो, शब्द एकच. तोच मजकूर इंग्रजीत लिहायला बसलं की समोर सात-आठ शब्द उभे राहतात. शब्दकोशात ते एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले असतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. या शब्दांतून भांडण किती मोठं आहे यापेक्षा लिहिणारा कुठे उभा आहे हे जास्त कळतं.

एकच वाक्य घेऊन बघा: कामगारांचा व्यवस्थापनाशी संघर्ष चालू आहे. ‘डिस्प्यूट’ लिहिलंत तर पगार, कामाचे तास असा काहीतरी नेमका मुद्दा आहे, आणि तो वाटाघाटीने किंवा लवादासमोर सुटू शकतो, असं वाचणारा धरून चालतो. ‘कॉन्फ्लिक्ट’ लिहिलंत तर दोघांचं पटत नाही एवढंच कळतं. चूक कोणाची, हे तुम्ही सांगितलेलं नाही. ‘स्ट्रगल’ लिहिताच तुम्ही कामगारांच्या बाजूला जाऊन बसता, कारण हा शब्द खालून वर चढणाऱ्याचा आहे. ‘व्यवस्थापनाचा कामगारांशी स्ट्रगल’ असं उलटं लिहून पाहा, व्यवस्थापनाची कीव वाटू लागेल. ‘फाइट’मध्ये ऊब आहे, बोलभाषा आहे, युनियनच्या पत्रकात शोभते, अहवालात नाही. ‘क्लॅश’ म्हणजे त्या दिवशी गेटवर जे झालं ते, संध्याकाळी संपलेलं. आणि ‘वॉर’ हा मथळा देणाऱ्याचा शब्द.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘स्ट्रगल’. ‘मी खूप संघर्ष करून इथपर्यंत आलो’ यात मराठीत अभिमान आहे. ते जसंच्या तसं ‘आय स्ट्रगल्ड अ लॉट’ म्हणून नोकरीच्या अर्जात गेलं, की समोरचा वाचतो: याला हे काम जड गेलं. आजच्या इंग्रजीत ‘ही इज स्ट्रगलिंग’ म्हणजे तो लढतोय असं नाही, त्याला झेपत नाहीये असं. ‘स्ट्रगलिंग कंपनी’ ही झुंजार कंपनी नव्हे, ती गटांगळ्या खाणारी कंपनी. खरं तर या शब्दाचं मराठीतलं सख्खं भावंड ‘संघर्ष’ नाहीच, ‘धडपड’ आहे. अंगाच्या पातळीवर तर ‘झटापट’: पोलिसी इंग्रजीत खोलीत ‘साइन्स ऑफ अ स्ट्रगल’ सापडल्या म्हणजे झटापटीच्या खुणा सापडल्या. धडपडत उठून उभं राहण्यालाही हेच क्रियापद वापरतात. त्यामुळे अर्जात अभिमान सांगायचा असेल तर हा शब्द सोडा आणि काय केलं ते सांगा: दिवसा नोकरी करून रात्री शिकलो, कर्ज फेडलं. ते ‘स्ट्रगल’पेक्षा वजनदार वाटतं.

नाम म्हणून मात्र, आणि सामुदायिक अर्थाने, हाच शब्द एकदम ताठ उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेत नुसतं ‘द स्ट्रगल’ म्हटलं तरी वर्णभेदाविरुद्धचा लढा एवढाच अर्थ होतो, पुढे काही जोडावं लागत नाही. भारतीय इंग्रजीतलं ‘फ्रीडम स्ट्रगल’ही याच घरातलं. म्हणजे एकट्याने ‘स्ट्रगल’ केलं की कीव आणि हजारोंनी केलं की इतिहास. विचित्र आहे, पण तसं आहे.

इथे बाजू घेण्याचा प्रश्न पुन्हा येतो. उत्तर आयर्लंडमध्ये 1960च्या दशकाच्या अखेरीपासून 1998च्या ‘गुड फ्रायडे’ करारापर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. ब्रिटनपासून वेगळं होऊन आयर्लंडमध्ये सामील होण्यासाठी लढणारी आयआरए ही सशस्त्र संघटना स्वतःच्या कारवायांना ‘आर्म्ड स्ट्रगल’ म्हणे, ब्रिटिश सरकार त्यालाच ‘टेररिझम’ म्हणे, आणि सर्वसामान्य बोलण्यात रुळलेला शब्द होता ‘द ट्रबल्स’, जणू नळाला पाणी येत नाही. दोन्हीकडच्या लोकांसमोर बोलायचं असेल त्याने ‘कॉन्फ्लिक्ट’ वापरावा. त्याला ना रंग ना वास, आणि इथे तोच त्याचा गुण.

हाच गुण सरकारांनाही सोयीचा पडतो. 1956 साली सुएझ कालव्याच्या प्रकरणात ब्रिटिश पंतप्रधान अँथनी ईडन यांनी ब्रिटन इजिप्तशी ‘वॉर’मध्ये नसून ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’मध्ये आहे, असं संसदेत सांगितलं. त्याआधी 1950 मध्ये कोरियात सैन्य उतरवताना अमेरिकी अध्यक्ष ट्रुमन यांनी ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हे वर्णन मान्य केलं होतं. 1982 मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना 74 दिवस लढले. युद्धाची औपचारिक घोषणा कोणीच केली नाही, म्हणून सरकारी कागदांत ‘फॉकलंड्स कॉन्फ्लिक्ट’, लोकांच्या तोंडी ‘फॉकलंड्स वॉर’. ही पळवाट कायद्याने मात्र हुशारीने बुजवलेली आहे. 1949च्या जिनिव्हा करारांनी घोषित युद्धाबरोबर ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’ही आपल्या कक्षेत घेतला, म्हणजे ‘आम्ही युद्ध पुकारलंच नाही’ म्हणून कैद्यांना वाटेल तसं वागवता येऊ नये. त्यामुळे कायदेशीर लिखाणात ‘कॉन्फ्लिक्ट’ हा मिळमिळीत शब्द नव्हे, तो व्यापक शब्द आहे. अभ्यासकांनी तर त्याला मोजपट्टी लावली आहे: स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत सरकार ज्यात एक पक्ष आहे अशा लढाईत वर्षाला 25 मृत्यू झाले की ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’, 1000 झाले की ‘वॉर’.

‘वॉर’ की ‘बॅटल’ हा प्रश्न त्यामानाने सोपा. युद्ध आणि लढाई हा फरक मराठीत आहेच. फक्त कालावधीवरून ठरवू नका. 1967चं ‘सिक्स-डे वॉर’ सहा दिवसांत संपलं, तर पहिल्या महायुद्धातली 1916ची ‘बॅटल ऑफ व्हर्दन’ फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत चालली. बॅटल हा मोठ्या युद्धाचा एक तुकडा असतो. म्हणून बॅटल जिंकूनही वॉर हरता येतं.

लाक्षणिक वापरात दोघांचे रस्ते आणखी वेगळे होतात. ‘वॉर ऑन’ हा राजकारण्यांचा साचा. अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांनी 1964 मध्ये गरिबीविरुद्ध ‘वॉर ऑन पॉव्हर्टी’ पुकारलं, आणि त्यांच्यानंतरचे अध्यक्ष निक्सन यांनी 1971 मध्ये सही केलेल्या कर्करोग कायद्याला ‘वॉर ऑन कॅन्सर’ हे नाव चिकटलं. ज्याचा शेवट कोणी जाहीर करू शकत नाही अशा गोष्टीला हा शब्द लावला की निधी मिळतो आणि हिशेब मागणारा कोणी उरत नाही, असं माझं मत. ‘बॅटल’ आला तो आजाऱ्याच्या वाट्याला. ‘लॉस्ट हर बॅटल विथ कॅन्सर’ हे मृत्युलेखांतलं ठरलेलं वाक्य आहे, आणि पुष्कळ रुग्णांना ते खटकतं, कारण त्यातून ती कमी लढली असं ऐकू येतं. श्रद्धांजली लिहीत असाल तर साधं ‘डाइड ऑफ’ किंवा ‘डाइड आफ्टर’ लिहा.

‘फाइट’ची अडचण अर्थाची नाही, त्याच्या मागे येणाऱ्या शब्दाची आहे. ‘फाइट फॉर’ म्हणजे साठी, ‘फाइट अगेन्स्ट’ म्हणजे विरुद्ध, इथवर ठीक. पण ‘फाइट विथ’ दोन्हीकडून वाचता येतं. ब्रिटन ‘फॉट विथ फ्रान्स’: नेपोलियनच्या काळात फ्रान्सशी, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या साथीने. संदर्भ नसेल तर ‘अगेन्स्ट’ किंवा ‘अलाँगसाइड’ लिहून मोकळं व्हा. घरच्या बाबतीतही जपून. ‘वी हॅड अ फाइट’ म्हणजे बहुतेक वेळा शाब्दिक खडाजंगी, पण बोलणाऱ्याला ओळखत नसलेला माणूस हाणामारी समजू शकतो. ‘कॉम्बॅट’ क्रियापद म्हणून सरकारी योजनांच्या भाषेत चालतं, आणि त्याला ‘अगेन्स्ट’ लागत नाही; ‘टु कॉम्बॅट करप्शन’ एवढंच.

उरलेले शब्द पटकन. ‘क्वॉरल’ म्हणजे ओळखीच्या माणसांतलं भांडण. ‘फ्यूड’ म्हणजे वैर, पिढीजात असलं तर अधिकच शोभतं. ‘स्कर्मिश’ ही चकमक. ‘आर्ग्युमेंट’ला दोन तोंडं: तावातावाचं भांडणही आणि वकिलाचा शांत युक्तिवादही. ‘रो’ असा दिसणारा ब्रिटिश वर्तमानपत्रांचा लाडका शब्द भांडण या अर्थी ‘राव’ असा उच्चारतात. अमेरिकी वाचकासाठी लिहीत असाल तर तो टाळाच.

बातमी लिहिणाऱ्यांनी ‘क्लॅश’ घेण्याआधी मात्र थांबावं. ‘पोलीस आणि आंदोलकांत क्लॅशेस’ असं लिहिलं की दोन सारख्या ताकदीचे गट एकमेकांवर आदळले असं चित्र उभं राहतं. आधी दगड आला की आधी लाठी, हे त्या शब्दात कुठेच नसतं. माहीत नसेल तर ‘क्लॅश’ प्रामाणिक आहे. माहीत असेल तर कर्ता आणि क्रियापद घालून पूर्ण वाक्य लिहावं.